उतारूंचा वाली कोण?

१७ एप्रिल २०१९ आणि २ मे २०२३ या दोन तारखा मुंबईच्या मध्यमवर्गाने आपल्या दिनदर्शिकेत तांबड्या शाईने लिहून ठेवाव्यात अशा आहेत. पहिल्या तारखेस रात्री जेट एअरवेजचे अखेरचे विमान अमृतसरहून मुंबईस निघाले आणि १९९३ च्या मे महिन्यात सुरू झालेला एका मोठ्या कंपनीचा कारभार थंडावला. दुसऱ्या तारखेस गो फर्स्ट या कंपनीने, आणि तीही मुंबईचीच, आपणांस देणी भागविणे शक्य नाही असे आपण होऊन राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणास कळविले, व दुसऱ्या दिवसापासून तिची विमाने जागच्या जागी उभी राहिली. दोन्ही प्रसंग शाळांच्या परीक्षा आटोपून सुट्ट्या लागण्याच्या सुमाराचे. त्यापूर्वी किंगफिशर कंपनी बसली ती ऑक्टोबर २०१२ मध्ये, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर. हा निव्वळ योगायोग मानला, तरी त्याचा परिणाम ठरलेला आहे. गल्ल्यात लोकांचे आगाऊ पैसे जेव्हा सर्वांत अधिक असतात, नेमके तेव्हाच त्या गल्ल्यास कुलूप लागते.

विमान कंपनी बुडाली की वृत्तपत्रांतून चर्चा होते ती बँकांच्या कर्जाची, मालकाच्या परदेशगमनाची अथवा अटकेची, आणि फार झाले तर वैमानिकांच्या थकलेल्या पगाराची. ही चर्चा व्हावयास हवीच. जेटच्या सोळा हजारांच्या आसपास नोकरवर्गाचे जे हाल झाले ते या शहराने डोळ्यांनी पाहिले आहेत. परंतु ज्यांच्या पैशावर हा व्यवसाय दिवसेंदिवस चालतो, त्या उतारूंचा विचार मात्र ‘विमानतळावर प्रवाशांचा खोळंबा’ या एका मथळ्यापलीकडे जात नाही. खोळंबा दोन दिवसांत संपतो. बुडालेल्या भाड्याचे काय झाले, याची चौकशी दोन वर्षांनंतरही कोणी करीत नाही. आम्हांस आज तीच करावयाची आहे.

जुलै २०२३ मध्ये संसदेत सरकारने जी माहिती दिली तीनुसार गो फर्स्टकडे सुमारे १५ लाख उतारूंचे सुमारे ६०० कोटी रुपये अडकून पडले होते. कंपनीची सर्व धनकोंची मिळून देणी ११,४६३ कोटी रुपयांची होती. त्या मानाने ६०० कोटी ही रक्कम लहान दिसते. पण ती दर उतारूमागे चार हजारांच्या घरात जाते. आणि चौघांच्या कुटुंबाचा जाण्यायेण्याचा हिशेब मांडला, की एखाद्या शिक्षकाची वा कारकुनाची वर्षभराची सहलीची पुंजी त्यात गेलेली असते. शिवाय जो प्रवास टाळता येत नाही, म्हणजे लग्न, परीक्षा, शस्त्रक्रिया वा मुलाखत, त्यासाठी दुसऱ्या कंपनीचे तिकीट तिप्पट दराने काढावे लागते ते निराळेच. या वाढीव खर्चाची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही.

येथे मूळ मुद्दा असा, की विमानाचे तिकीट म्हणजे नेमके काय? आपण समजतो, की आपण एक वस्तू विकत घेतली. वस्तुतः आपण तीन महिने अगोदर पैसे देतो आणि त्याच्या बदल्यात एक आश्वासन घरी आणतो. भाडेकरू अनामत देतो त्याची पावती घेतो. पतपेढीत ठेव ठेवणारा व्याज घेतो. विमानाचा उतारू मात्र कंपनीस बिनव्याजी, बिनतारणी कर्ज देतो, आणि वर आपण स्वस्तात तिकीट मिळविले म्हणून समाधान मानतो. कंपनीच्या दृष्टीने यासारखे सुलभ कर्ज दुसरे नाही. बँक ताळेबंद मागते, तारण मागते. उतारू काहीच मागत नाही. म्हणूनच एखादी विमान कंपनी अडचणीत आली की प्रथम तिचे दर वाढत नाहीत, उलट उतरतात. मोठमोठ्या सवलतींच्या जाहिराती येतात. पुढच्या महिन्याच्या उतारूने दिलेल्या पैशातून आजच्या विमानाचे इंधन भरावयाचे, असा तो खेळ असतो. ज्या दिवशी नवा पैसा येणे थांबते, त्या दिवशी खेळ थांबतो.

तिकिटाचे पैसे हे एक प्रकारचे कर्जच होय, हा आमचा तर्कटपणा नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत विमाने बंद पडली तेव्हा कंपन्यांनी भाडे परत न करता ते ‘तुमच्या नावे जमा आहे’ असे सांगून स्वतःजवळच ठेवून घेतले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. टाळेबंदीच्या काळात काढलेल्या तिकिटांचे पैसे परत करावेत, आणि त्यापूर्वीच्या तिकिटांच्या बाबतीत, जी कंपनी तत्काळ परतफेड करू शकत नाही तिने उतारूच्या नावे जमा असलेल्या रकमेत ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का व त्यानंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत दरमहा पाऊण टक्का भर घालावी, असा निर्णय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी दिला. त्या निर्णयात ‘व्याज’ हा शब्द कोठे आला असो वा नसो, त्याचा व्यवहारातील अर्थ दुसरा कोणता? ज्यावर मासिक दराने भर पडते ते ऋण, हे शाळेतल्या मुलासही ठाऊक असते.

आता हा धनको, कंपनी बुडाल्यावर कोठे बसविला जातो ते पाहावे. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ हिच्या ५३ व्या कलमात मालमत्तेच्या विक्रीतून आलेला पैसा कोणी कोणत्या क्रमाने घ्यावयाचा ते सांगितले आहे. ही एक पंगतच आहे म्हणा ना. पहिले पान या साऱ्या कज्जाच्या खर्चाचे. त्यानंतर कामगारांचे चोवीस महिन्यांचे वेतन आणि तारणी धनको म्हणजे बँका, यांची पाने शेजारी शेजारी. त्यांच्यामागून इतर नोकरांचा बारा महिन्यांचा पगार, मग बिनतारणी वित्तपुरवठादार, मग सरकारी येणी. हे सर्व जेवून उठले, की ‘उरलेली सर्व देणी’ असा एक कलमाचा पोटभाग येतो. त्यात कंपनीस खुर्च्या पुरविणारा, भोजन पुरविणारा आणि आपला उतारू, असे सर्व दाटीवाटीने बसतात. त्यांच्या खाली फक्त भागधारक. विमान कंपनीजवळ बहुधा स्वतःची विमानेही नसतात, ती भाड्याची असतात; तेव्हा या पानापर्यंत भाताचे शीतही पोहोचत नाही, हे सांगावयास अर्थशास्त्री नको.

आणि या पंगतीस किती काळ ताटकळावे लागते? जेटचे प्रकरण न्यायाधिकरणाने जून २०१९ मध्ये दाखल करून घेतले. नवा मालक येणार, विमाने पुन्हा उडणार, अशा वार्ता पाच वर्षे येत राहिल्या. एक योजना धनकोंनी व न्यायाधिकरणाने मान्यही केली. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयास कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश द्यावा लागला. गो फर्स्टची तीच गत २० जानेवारी २०२५ रोजी झाली. प्रकरण दाखल होताच वसुलीच्या सर्व दाव्यांस स्थगिती मिळते, त्यामुळे मधल्या काळात उतारूने ग्राहक न्यायालयाची पायरी चढूनही उपयोग नसतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे परतफेडीचे नियम आहेत, त्यांत दिवसांच्या मुदतीही आहेत. पण ते नियम धडधाकट कंपनीसाठी. रोगी दगावल्यावर पथ्य सांगण्यात काय हशील?

कायदा करणाऱ्यांस या प्रकारची अडचण समजत नाही, असे कोणी म्हणू नये. घर घेणाऱ्यांनी बिल्डरांकडे भरलेले पैसे असेच बुडू लागले तेव्हा ओरड झाली, आणि २०१८ मध्ये संहितेत दुरुस्ती करून घरखरेदीदारांस वित्तीय धनकोचा दर्जा देण्यात आला. त्या दुरुस्तीमागचा विचार असा, की जो आगाऊ पैसा देऊन प्रकल्प उभा करतो तो कर्जदात्यासारखाच होय. हा विचार आम्हांस पूर्ण मान्य आहे. मग तो विमानतळाच्या दारापाशी येऊन का थबकतो? घरासाठी आयुष्याची कमाई जाते आणि तिकिटासाठी काही हजार, हा फरक खरा. परंतु रक्कम लहान असणे हा अन्यायाचा परवाना होऊ शकत नाही.

याहूनही बोलके उदाहरण विमाने भाड्याने देणाऱ्या परदेशी कंपन्यांचे आहे. गो फर्स्टची विमाने स्थगितीत अडकली तशा या कंपन्या खवळल्या, आणि भारतात विमाने देणे धोक्याचे आहे असे त्यांनी जगभर बोलून दाखविले. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी सरकारने अधिसूचना काढून विमानांस स्थगितीतून वगळले. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गो फर्स्टच्या ५४ विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला व ती मालकांकडे जाण्याचा मार्ग मोकळा झाला. पाठोपाठ २०२५ मध्ये संसदेने विमानांवरील हितसंबंधांच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदाच करून केपटाऊन कराराला देशात बळ दिले. हे सर्व योग्यच झाले, असे आम्ही म्हणू; भाड्याची विमाने परत मिळण्याची शाश्वती नसेल तर भाडे वाढते आणि ते शेवटी उतारूच्याच माथी बसते. आमची तक्रार एवढीच, की विमानाच्या मालकासाठी दोन वर्षांत अधिसूचना व कायदा दोन्ही होऊ शकले, आणि त्याच विमानात बसण्यासाठी पैसे भरलेल्या पंधरा लाख माणसांसाठी एक ओळदेखील लिहिली गेली नाही. परदेशी कंपनीजवळ वकील असतो. उतारूजवळ केवळ तिकिटाचा कागद, आणि आता तर तोही नाही, भ्रमणध्वनीतले एक चित्र!

सरकारच्या हाती काही नसते, असाही युक्तिवाद होतो. त्याचे उत्तर डिसेंबर २०२५ मध्ये मिळाले आहे. इंडिगो कंपनीने वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी न केल्यामुळे तिचे वेळापत्रक कोसळले. ५ डिसेंबर या एकाच दिवशी हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. दुसऱ्याच दिवशी सरकारने सर्व कंपन्यांच्या भाड्यांवर मर्यादा घातली, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये व पुढे अंतराप्रमाणे, आणि ७ तारखेच्या रात्रीपर्यंत भाडे परत करण्यास कंपनीस फर्मावले. त्या मुदतीत सहाशे कोटींहून अधिक रुपये परत केले गेले. म्हणजे गो फर्स्टच्या उतारूंचे जेवढे पैसे अडकले, जवळजवळ तेवढेच पैसे येथे दोन-तीन दिवसांत परत मिळाले. कारण उघड आहे. येथे कंपनीच्या तिजोरीत पैसा होता. उतारूच्या हक्काची किंमत कंपनीच्या शिल्लक रकमेवर अवलंबून असावी, हा कोणता न्याय?

या प्रसंगाने आणखीही एक गोष्ट दाखविली. देशांतर्गत दहा उतारूंपैकी सुमारे नऊ आज इंडिगो व एअर इंडिया या दोन समूहांच्याच विमानांत बसतात. प्रत्येक कंपनी बुडाली तशी निवड आकुंचित होत गेली. तेव्हा बुडालेल्या कंपनीचे दुःख तिच्या उतारूंपुरते राहत नाही. जे कधीच तिच्या विमानात बसले नव्हते, त्यांनाही पुढील कित्येक वर्षे चढ्या दराने ते सोसावे लागते.

ही परंपरा नवी नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच गरजेपेक्षा अधिक कंपन्यांना परवाने वाटले गेले, आणि १९५० साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने त्यावर नेमके बोट ठेवले होते. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. चाळीस वर्षांनी दारे पुन्हा उघडली तेव्हा ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी अशी नावे आकाशात झळकली आणि दशक संपण्यापूर्वी मावळली. राष्ट्रीयीकृत कंपनीचे तिकीट बुडत नसे हे खरे, पण त्याची किंमत दुसऱ्या कोणी मोजली. एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा ६१,५६२ कोटींच्या कर्जापैकी १५,३०० कोटींचा भार टाटांनी उचलला; बाकीचा सरकारच्या, म्हणजे विमानात पाऊल न ठेवलेल्या शेतकऱ्याच्याही अंगावर राहिला. त्या काळाकडे परत जावे असे आम्ही सुचवीत नाही.

धंदाच असा बेभरवशाचा का, याची कारणे पुष्कळांस ठाऊक आहेत. उत्पन्न रुपयांत आणि विमानांचे भाडे डॉलरमध्ये. खर्चाचा सुमारे चाळीस टक्के भाग इंधनाचा. आणि ते इंधन वस्तू व सेवा कराच्या बाहेर ठेवलेले, प्रत्येक राज्याचा कर निराळा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मुंबई, पुणे व रायगडातील २५ टक्क्यांचा दर १८ वर आणला, ही त्यातल्या त्यात सुबुद्धी. गो फर्स्टच्या बाबतीत अमेरिकी कंपनीच्या इंजिनांचा दोष तिने पुढे केला; तिची जवळजवळ निम्मी विमाने इंजिनांवाचून उभी होती. कारणे काहीही असोत. त्यांपैकी एकावरही उतारूचे नियंत्रण नाही, आणि एकाचीही त्याला आगाऊ सूचना नाही.

सूचनेचा प्रश्न विशेष गंभीर आहे. जेटचे पगार थकले होते, विमाने एकामागून एक भाडे न भरल्यामुळे उभी राहत होती. २५ मार्च २०१९ रोजी नरेश गोयल संचालक मंडळावरून दूर झाले आणि स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँका १,५०० कोटी रुपये घालणार असे जाहीर झाले. स्टेट बँकेचे नाव ऐकल्यावर सामान्य माणसाने निर्धास्त व्हावे हे स्वाभाविक होते. ते पैसे आले नाहीत. शेवटी तातडीचे म्हणून मागितलेले ४०० कोटीही नाकारले गेले व तीन आठवड्यांत कारभार आटोपला. त्या तीन आठवड्यांत ज्यांनी सुट्टीची तिकिटे काढली, त्यांना कंपनीची खरी प्रकृती कोणी सांगितली? गो फर्स्टच्या वेळी तिकीटविक्री तत्काळ बंद करण्याचा महासंचालनालयाचा आदेश निघाला तो ८ मे रोजी; विमाने त्याआधी पाच दिवस जमिनीवर होती. घोडा निघून गेल्यावर तबेल्याला कडी घालण्याची ही जुनी सरकारी रीत आहे. महासंचालनालय विमानाच्या चाकांची आणि पंखांची कसून तपासणी करते, त्याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत; परंतु कंपनीच्या तिजोरीची तपासणी करून तिचा निष्कर्ष लोकांपुढे ठेवण्याची तशीच व्यवस्था हवी. भाडेकराराचे हप्ते आणि पगार ठरावीक मुदतीपलीकडे थकले, तर एक महिन्यापुढील तिकिटे विकण्यास मनाई, एवढा नियम करण्यास कोणती अडचण आहे?

इतर देशांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत नादारीचा अर्ज करणारी कंपनी न्यायालयाच्या देखरेखीखाली बहुधा उडतच राहते. युनायटेड, डेल्टा, अमेरिकन या बड्या कंपन्या त्या वाटेने गेल्या आणि परत आल्या. ब्रिटनमध्ये १९७३ पासून सहलींच्या उतारूंसाठी एक संरक्षण योजना आहे. सहल विकणारा दर माणशी अडीच पौंड एका निधीत भरतो. २३ सप्टेंबर २०१९ रोजी थॉमस कुक ही जुनी कंपनी बंद पडली तेव्हा परदेशांत अडकलेल्या सुमारे दीड लाख प्रवाशांस सरकारी यंत्रणेने विमाने भाड्याने घेऊन घरी आणले, आणि सहलींची भरलेली रक्कम निधीतून परत केली. नुसते विमानाचे तिकीट काढणारास हे संरक्षण सर्वस्वी मिळत नाही, ही त्या योजनेतील उणीव आहे. आपण ती भरून काढू शकतो.

हिशेब सोपा आहे. २०२४ मध्ये देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या १६ कोटींहून अधिक होती. तिकिटामागे २० रुपये घेतले तर वर्षाला ३२० कोटी होतात. दोन वर्षांत गो फर्स्टच्या साऱ्या उतारूंचे पैसे फिटतील एवढा निधी उभा राहतो. विमानतळ विकासाचा आकार, सुरक्षेचा आकार आपण देतोच. लहान शहरांच्या ‘उडान’ योजनेसाठीही मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार घेतला जातो. प्रवास पूर्ण होईपर्यंत सर्व भाडे स्वतंत्र विश्वस्त खात्यात ठेवावे, असा याहून कडक उपाय कोणी सुचवितात. तत्त्वतः तो निर्दोष आहे. पण त्यामुळे अशक्त कंपन्या एका रात्रीत आडव्या होतील व उरलेल्या दोघांचेच फावेल, ही भीती आम्हांस अनाठायी वाटत नाही. म्हणून प्रथम निधी, आणि ज्या कंपनीची देणी थकली आहेत तिच्यापुरते विश्वस्त खाते, असा क्रम आम्ही सुचवितो. संहितेच्या ५३ व्या कलमात उतारूंचे पान दोन पंगती वर सरकविण्याचा विचारही याच वेळी व्हावा.

संसद हे करीपर्यंत वाचकांनी काय करावे, असे आम्हांस पुष्कळदा विचारले जाते. तिकीट शक्यतो क्रेडिट कार्डावर काढावे. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे रकमेस हरकत घेता येते, आणि कंपनी बुडाल्यावरही हा मार्ग सहसा खुला असतो, मात्र अर्ज मुदतीत करावा लागतो. रोख पैसे देऊन अथवा एजंटाच्या खात्यातून काढलेल्या तिकिटाला हा आधार नाही. बुडालेल्या कंपन्यांकडे स्वतः एजंटांचेच आगाऊ पैसे अडकलेले आहेत. ज्या कंपनीच्या पगारथकबाकीच्या बातम्या येत आहेत तिच्या सवलतीस भुलून सहा महिन्यांपुढचे तिकीट घेऊ नये. रद्द केलेल्या तिकिटाची रक्कम ‘पुढील प्रवासासाठी’ कंपनीकडे ठेवून न देता बँकेतच परत मागावी. प्रवास विम्याची पत्रिका घेतली असेल, तर तिच्यात कंपनीच्या नादारीचा समावेश आहे की ती वगळली आहे, हे बारीक अक्षरांतले कलम पैसे भरण्यापूर्वी वाचावे. आणि कंपनी बुडालीच, तर अवसायकाने दावे मागविल्याची जाहीर सूचना वृत्तपत्रांत येते. तिच्या मुदतीत, रक्कम कितीही लहान असो, प्रत्येकाने आपला दावा दाखल करावा. पंधरा लाख दाव्यांचा गठ्ठा अवसायकाच्या मेजावर पडला, तर निदान त्याची नोंद दिल्लीस करावी लागेल.